पेटी तेवढी राहिली

प्रितमदादांच्या तोंडून ‘पेटी’ हा शब्द आला आणि लहूच्या हातातली कागदी प्लेट कलली. हिरवी चटणी समोश्यावरून घरंगळून त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर उतरली. त्याने नॅपकिनने ती पुसायला घेतली, आणि पुसताना ती पसरते हे ठाऊक असूनही तो पुसतच राहिला. अमेरिकेत मॉरिसव्हिलमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया भीमजयंतीसाठी शनिवार दुपारपुरतं भाड्याने घेतलेलं होतं. घड्या घालून ठेवायची लांब टेबलं भिंतीला लावली होती, पोरं मागे चित्रं रंगवत होती आणि पुढे माइकवर डॉक्टर प्रितम बोलत होते. पेटी. शब्द तसा साधाच, पण तो आल्याबरोबर दोन रांगा पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी मान वळवून लहूकडे पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी ती लगेच सरळ केली. त्यांच्या शेजारचे उगीचच वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नागपूरकडची पाच-सहा घरं सभागृहात होती आणि त्या पाच-सहा घरांत आता एक शांतता बसली होती. बाकीचे मुंबई-पुण्याचे लोक मजेत ऐकत होते. लहूने पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे त्याची आई बसली होती, कांताबाई रंगारी, पांढरं पातळ, मागे लिंबाएवढा अंबाडा. अंबाडा हलला नाही. हलला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

अर्ध्या तासापूर्वी ती स्वतः त्याच माइकवर होती. सहा महिन्यांसाठी अमेरिकेला आलेली आई म्हणजे मंडळाला आयतीच मिळालेली पाहुणी. त्यांनी आग्रह केला, ‘मावशी, गुरुजींबद्दल दोन शब्द बोला,’ आणि कांताबाई दोन शब्दांवर कधीच थांबत नाहीत. रंगारी गुरुजींनी, म्हणजे लहूच्या बाबांनी, पेटी गळ्यात अडकवून वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं कशी म्हटली, दारू सोडा म्हणून गाण्यातून लोकांना कसं रडवलं, हे तिने सांगितलं. “माया घरात थेंब आला नाही,” ती म्हणाली. “सख्खा भाऊ पिऊन आला, त्याले मी उंबरठा वलांडू देल्ला नाही. मेला तोवर देल्ला नाही. गुरुजीचं घर होतं ते.” टाळ्या पडल्या. हे वाक्य ती तीस वर्षं बोलत आली आहे. महिला मंडळांत, बुद्धविहारांत, भट्टी फोडायला निघालेल्या बायांच्या पुढे उभी राहून. त्या वाक्यावर ती उभी आहे, असं म्हटलं तरी चालेल. प्रितमदादा तेव्हा तिथे नव्हते. त्यांना पार्किंग मिळत नव्हतं. टाळ्या थांबता थांबता ते आले, लॅपटॉप जोडला, जय भीम म्हणाले आणि ‘मन, दुःख आणि नवं विज्ञान’ सुरू केलं. पार्किंग मिळालं असतं तर, हा विचार लहूने तिथल्या तिथे दहा वेळा करून पाहिला.

भाषण चांगलंच होतं, ते नेहमीच चांगलं बोलतात. या देशाच्या लष्कराने साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच पोरांवर काय केलं, इथून त्यांनी सुरुवात केली. कोवळ्या शिपायांना सुट्टीचं आमिष दाखवायचे, कपड्यांची आणि मुखवट्यांची चाचणी आहे म्हणून सांगायचे आणि पाण्यातून एलएसडी द्यायचे. शत्रूच्या फौजेचं डोकं फिरवता येईल का, हे आधी आपल्या फौजेवर पाहायचं. पडद्यावर जुनी धुरकट चित्रं आली. लोक हळहळले. मग ते म्हणाले, आता जग बदललं. आता तीच जातकुळी असलेली औषधं युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या मनातली टोचणी काढायला वापरतात, पैसा लष्कराचाच आहे, पण आता आम्ही संशोधक सगळं आधी सांगतो, काही लपवत नाही. आणि मग, सभागृहाकडे प्रेमाने पाहत, आपल्यातलाच एक स्वयंसेवक म्हणून त्यांनी ती गोष्ट काढली. पन्नाशीचा इंजिनिअर, मध्य भारतातला. त्याचे काका गायक, गावोगाव दारूविरुद्ध गाणारे. आणि त्यांची बाटली कुठे असायची माहितेय? पेटीच्या खोक्यात. आणि ती पेटी वाहायला हा मुलगा. काका लिव्हरने गेले, आणि याला आयुष्यभर वाटत राहिलं की आपणच त्यांना मारलं. एका सेशनमध्ये गेलं ते. इमॅजिन करा, म्हणाले, एका माणसाचं हे, तर बॉम्ब टाकून आलेल्याचं काय.

लहूचं वय चव्वेचाळीस, त्याची त्यांनी पन्नाशी केली होती. बापाचा काका केला होता. नागपूरचं मध्य भारत केलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं. लहू एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यांनी झाकलेलं कुठून उघडं पडतं ते शोधणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. ही गोष्ट त्याच्याकडे तपासायला आली असती तर त्याने पहिल्या मिनिटाला परत पाठवली असती. पण ती तपासली होती अमेरिकन माणसांनी, ज्यांना वय आणि गाव बदललं की माणूस पुसला गेला असं वाटतं. हार्मोनियम त्यांना खटकली नाही. त्यांच्या दृष्टीने भारतात घरोघर हार्मोनियम असणार. नागपूरच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत गाणारा मास्तर आणि पेटी म्हटलं की एकच माणूस उभा राहतो, हे त्यांना कोण सांगणार. आणि प्रितमदादा ठाण्याचे. हे सगळं एकीकडे त्याला समजत होतं आणि दुसरीकडे बापाचा काका केला याचाच त्याला सगळ्यात जास्त राग येत होता.

त्या पेटीच्या खोक्याला आतून लाल मखमल होती. त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि त्या वासाखाली दुसरा एक वास असायचा, जो फक्त ते उचलणाऱ्यालाच यायचा. भात्याच्या मागे दुपट्ट्यात गुंडाळलेला पव्वा. मंडपाच्या मागच्या अंधारात, जनरेटरच्या आवाजाशेजारी, बाबा दोन घोट घ्यायचे, कारण त्याशिवाय त्यांची बोटं सुरांवर ठरत नसत. ती थरथर लहूने पाहिली होती, आईने नाही; आई पुढे बायकांमध्ये बसलेली. घोट घेतला की बोटं ठरायची, आणि मग जो आवाज निघायचा त्याने खरोखरच लोक बाटल्या फोडायचे. हे खोटं नव्हतं. हे कुणाला कसं समजावून सांगायचं ते त्याला कधी कळलं नाही, म्हणून त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. पव्वा आणायचा रामामामा. आईचा धाकटा भाऊ, सायकलरिक्षा ओढायचा, तो पिणारा म्हणून जाहीर होता, त्याला आणखी एक बाटली घेताना कोण पाहणार. घरात त्याला मज्जाव. तो गल्लीच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा, आई दुपारी लहूच्या हाती त्याला वेगळ्या थाळीत जेवण पाठवायची, आणि रिकाम्या थाळीबरोबर लहूच्या हाती तो दुपट्टा यायचा. बाबा आतून रियाज करायचे. मामा पायरीवर मान डोलवायचा. एका डिसेंबरात तो त्याच पायरीवर थंडीने आखडून मेला. आई अंत्ययात्रेला गेली, रडली नाही. आल्यावर तिने अंगण धुतलं. पुढच्या वर्षी बाबा गेले, आणि लोकांना कावीळ म्हणून सांगण्यात आलं.

हे सगळं त्याने मागच्या पानगळीत, एका सोफ्यावर पडून, डोळ्यांवर पट्टी बांधून सांगितलं होतं. प्रितमदादांनी त्याला विहारात हेरलं होतं. लहू विपश्यना करतो, डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाची संवेदना पाहत जायची त्याला सवय आहे. अशी माणसं आत काय चाललंय ते नीट सांगू शकतात, आम्हाला हे औषध आधी निरोगी स्वयंसेवकांवर पाहायचंय, तू आलास तर उपकार होतील, असं ते म्हणाले. स्वयंसेवक या शब्दावर दोघेही हसले होते; हा शब्द आपल्याकडे कधी बसत नाही, म्हणाले दादा. पाचव्या शीलाचं काय, मादक पदार्थापासून दूर राहायची प्रतिज्ञा आपण रोज म्हणतो, असं लहूने भीतभीत विचारलं. ही नशा नव्हे, औषध आहे, आणि मी आहे ना, असं उत्तर आलं. मी आहे ना. लहू हो म्हणाला तो औषधासाठी नाही आणि विज्ञानासाठी तर मुळीच नाही. आपला माणूस इतका वर गेला आणि त्याने आपल्याकडे काही मागितलं, तर नाही कसं म्हणायचं, एवढ्यावरच. मोनालीला, म्हणजे बायकोला, त्याने ध्यानाचा अभ्यास चालू आहे असं सांगितलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि डब्याचं विचारलं.

खोली दिवाणखान्यासारखी सजवलेली होती. एका बाजूला एक गोरी मार्गदर्शक बाई, दुसऱ्या बाजूला प्रितमदादा. कॅप्सूल घेतल्यावर बराच वेळ काही झालं नाही, आणि मग छातीचा भाता हलायला लागला. त्याने सवयीप्रमाणे संवेदना पाहिली: बरगड्या उघडताहेत, मिटताहेत, आतून सूर येतोय, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. त्याने जीभ उचलली तेव्हा इंग्रजी कुठे सापडेना. तो घरच्या बोलीत बोलायला लागला, जी तो मोनालीशीसुद्धा फारशी बोलत नाही. त्या बाईला अक्षर कळत नव्हतं आणि म्हणूनच तो मोकळा झाला. ते एका बंद घरात बोलण्यासारखं होतं, आणि त्या घरात दुसरा फक्त दादा होता, हात हातात घेतलेला. नंतर दादांनी त्या बाईसाठी सगळं इंग्रजीत सांगितलं. ते लहूला परक्याचं वाटलं, त्याचं काही वाटलं नाही. इंग्रजीत ते कुणाचंच नव्हतं. तसंच राहिलं असतं तर त्याने जन्मभर दादांचे पाय धरले असते. कारण ते गेलं खरोखर. सगळा हिवाळा तो हलका होता, सकाळी उठल्यावर छातीवर असायचं ते नव्हतं, तो पोरांबरोबर हसायचा, मोनाली म्हणायची, काय झालंय तुला, बरा आहेस ना.

शेजारच्या हॉवर्डला मात्र त्याने खरं सांगितलं होतं. हॉवर्ड म्हातारा, एकटा, पोस्टाच्या पेटीपाशी भेटतो आणि पुष्कळ वेळ बोलतो. ऐकून तो आधी हसला, मग हसायचं थांबला. मलाही देत होते, म्हणाला. एकोणीस वर्षांचा होतो, मेरीलँडमध्ये छावणी होती, शनिवार-रविवार मोकळे, भांडी घासायची नाहीत, म्हणून हात वर केला. रेनकोट तपासायचे आहेत असं वाटत होतं. पाण्याचा ग्लास दिला. मग दोन दिवस माझे हात माझे नव्हते. ते कुणाचे तरी होते आणि मी ते परत द्यायला माणूस शोधत फिरत होतो. भीती विसरता येते, हॉवर्ड म्हणाला, पण ते फार चांगलं वागले माझ्याशी, ते विसरता येत नाही. नर्सने माझ्या अंगावर पांघरूण नीट केलं. डॉक्टरांनी मला सर म्हटलं. पुढे आयुष्यात मी चिडलो, बायको सोडून गेली, तर प्रत्येक वेळी मला वाटलं, हा मी की तो ग्लास? “माझं डोकं पुन्हा माझं कधी झालं, ते कुणी मला सांगितलंच नाही,” हॉवर्ड म्हणाला. लहूला तेव्हा त्याची कीव आली होती. आपलं तसं नाही, आपल्याला सगळं आधी सांगितलंय, काय देणार, किती देणार, काय होईल, असं त्याने मनात म्हटलं आणि थोडा अभिमानही वाटून घेतला. आता कॅफेटेरियात, बाहीवरचा हिरवा डाग बघत, त्याला कळलं की काय घालणार ते आपल्याला सांगितलं होतं; काय काढून घेणार ते नाही.

टाळ्या पडल्या. नागपूरकडच्या घरांनी जरा उशिरा वाजवल्या. लोक खुर्च्या सरकवू लागले, आईभोवती दोन-तीन बाया गेल्या आणि नेहमीपेक्षा जास्त मायेने बोलू लागल्या. त्या मायेचा अर्थ आईला कळल्याशिवाय राहणार नव्हता. लहू पार्किंगमध्ये दादांच्या मागे गेला. ते गाडीच्या डिकीत लॅपटॉपची बॅग ठेवत होते आणि त्याला बघून त्यांना खरंच आनंद झाला. कसं झालं, त्यांनी विचारलं.

“दादा, ते माझं होतं.”

“अरे, तुझं नाव कुठे घेतलं मी? एज चेंज केलं, गाव काढलं, वडिलांचे अंकल केले. आम्ही सगळं ॲनॉनिमाइज करूनच बोलतो. कमिटीने अप्रूव्ह केलंय ते.”

“पेटी राहिली.”

“पेटी? हार्मोनियम?” दादा क्षणभर खरोखर गोंधळले. “त्यावर कुणी ऑब्जेक्शन घेतलं नाही, यार. उलट ते डिटेल सगळ्यांना टच होतं. मागच्या महिन्यात आर्मीच्या लोकांसमोर प्रेझेंट केलं, एका कर्नलच्या डोळ्यांत पाणी आलं.”

म्हणजे पेटी तिथेही जाऊन आली होती. बाबांची बोटं, जनरेटर, लाल मखमल, सगळं एका कर्नलच्या पुढे उलगडून ठेवलं गेलं होतं आणि त्याने डोळे टिपले होते. माझी आई पुढे बसली होती, लहू म्हणाला. दादांनी डिकीवरचा हात काढला. अरे, तू आधी सांगायला पाहिजे होतंस, म्हणाले, आई आल्यात हे मला माहीतच नाही. मग थोडं थांबून, पण बघ, आज ना उद्या हे बाहेर यायलाच हवं होतं, हीलिंगच्या दृष्टीनेही. ते बोलताना त्यांनी लहूच्या खांद्यावर हात ठेवला, त्या दिवशी सोफ्यापाशी हात धरला होता तसाच, तितकाच ऊबदार. ते खोटं वागत नव्हते. हेच वाईट होतं. लहूला वाटलं होतं आपण काही तरी बोलू, निदान तो हात झटकू, पण आपल्या माणसाचा हात झटकायचं त्याच्या अंगाला कुणी शिकवलंच नव्हतं. तो जय भीम म्हणाला आणि परत फिरला. स्वतःच्या तोंडून तेवढ्याच आदराने निघालेला तो शब्द त्याला बराच वेळ ऐकू येत राहिला.

मोनालीला अर्धं समजलं होतं आणि अर्धं तिने रस्त्यात समजून घेतलं, म्हणजे काहीच विचारलं नाही. घरी आल्यावर आईने पातळ बदललं नाही. ती मागच्या पॅटिओवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. ऊन अजून होतं, पाइनचे पिवळे परागकण सगळीकडे बसले होते, खुर्चीवर, कुंपणावर, तिच्या पांढऱ्या पदरावरही. मोनालीने चहा नेऊन ठेवला आणि लहूकडे बघून मान हलवली, म्हणजे जा. तो जाऊन पायरीवर बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पायरीवर बसलोय आणि आई वर खुर्चीत. पलीकडे हॉवर्ड झाडांना पाणी घालत होता. त्याने पाइप हलवून आईला अभिवादन केलं, आईनेही हात जोडले.

“कोन आनून देये त्यायले?” तिने विचारलं.

ती रागावेल, रडेल, खोटं आहे म्हणेल, सगळ्याची तयारी त्याने गाडीत केली होती. याची नव्हती. हा भाग दादांनी गाळला होता. भाषणात एक मामा जास्त झाला असता, म्हणून गाळला असणार. आता तो फक्त लहूपाशी होता. लहू सवयीने आत पाहू लागला. घसा, कोरडा. छाती, हलकी. पोट, शांत. त्याने पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं. जिथे ते असायचं तिथे काहीच नव्हतं. समोर आई बसली होती, तीस वर्षांचं वाक्य पायाखालून निघून गेलेली, आणि तिच्याबरोबर जे दुखायला हवं होतं ते दुखायला त्याच्यात जागा उरली नव्हती. जाग्यावर फक्त स्वच्छ, रिकामं, बरं वाटत होतं. दारुण बरं वाटत होतं. हेच लष्कराला हवं होतं, एवढं त्याला नीट कळलं: बॉम्ब टाकून आलेला माणूस सकाळी उठावा आणि त्याला बरं वाटावं. त्याने डोळे चोळले, पाणी काढायचा प्रयत्न केला, आणि आई आपल्याकडे पाहते आहे हे कळून थांबला.

“रामा,” आई म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

लहूने मान खाली घातली. ती कुंपणाकडे वळली. मग हळूहळू, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं, तिने बोलायला सुरुवात केली. तो पायरीवर बसे, ती म्हणाली. तिला वाटे, पिऊन पडला आहे, जायला दुसरी जागा नाही. कधी वाटे, गाणं ऐकायला बसतो. एकदा पावसात त्याने फक्त एवढंच म्हटलं होतं, बाई, मी सांगितलं तर तुझंच घर मोडेल, आणि ती त्याच्यावर ओरडली होती, काय सांगणार तू, बेवड्या. तो हसला होता. तीस वर्षं त्या हसण्याचा तिला राग होता. बोलताना तिचा आवाज कुठेच मोडला नाही. पदरावरचे पिवळे कण मात्र ती एका बोटाने पुन्हा पुन्हा टिपत राहिली, आणि ते पसरत राहिले. बाबांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. लहू वाट पाहत होता, पण ती तिकडे वळलीच नाही. चहा निवून गेला. हॉवर्डचं पाणी घालून झालं आणि तो आत गेला.

“त्या डॉक्टरनं सांगितलं ते खरं हाये काय? मनातलं जाते त्या दवाईनं?”

“गेलं माझं,” लहू म्हणाला.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, लहानपणी ताप उतरला का बघायची तसं. तिला दिसलं असावं, कारण तिने मान डोलवली. मग तिने पदर सावरला, खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली आणि दारापाशी थांबली.

“मंग विचार त्याले,” ती म्हणाली, “माया वयाच्या बाईले देतेत का. शिपायासाठी असन तरी चालते म्हना.”